आधी पाणी की आधी प्रश्न

माझ्या हातची बिडी कारखान्यात कधी पास झाली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी स्वतःविषयी काही बरं बोलले तर तुम्ही सावध राहाल.

लग्न होऊन मी कारध्याच्या पुलापलीकडच्या गावात आले तेव्हा सत्तरीचं दशक संपत आलं होतं. धानाची कामं आटोपली की गावातल्या बायका दुपारी आमच्या अंगणात बिड्या बांधायला बसत. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी कात्री आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. माझी सासू हाताकडे न बघता बिडी वळायची. मी डोळे फाडून बघत वळायची, आणि तरी माझी बिडी एकीकडून पोटुशी, दुसरीकडून उपाशी. कारखान्यातला तपासणारा ती दोन बोटांत धरून उजेडाकडे करायचा आणि एक शब्द न बोलता बाजूला टाकायचा. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

पाचव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "हिच्या हातानं तेंदूपत्ता वाया जाऊन राहिला. मॅट्रिक हाय ना हे? हिले वाचाले लावा."

वाचण्याचा रिवाज त्या अंगणात आधीपासून होता. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी बांधायचं, आणि उठताना प्रत्येकीनं आपल्या बिड्यांतली एक मूठ वाचणारीच्या सुपात टाकायची. आधीची वाचणारी लग्न होऊन तुमसरला गेली, तेव्हापासून जागा रिकामी होती. त्या जागेवर मी बसले. अट एकच.

"रडवू नको," सासूबाईंनी बजावलं. "रडलं का हात थांबते. अन् डोऱ्यातलं पानी तंबाखूत पडलं का बिडी पेटत नाही."

माझा नवरा सायकलनं पूल ओलांडून रोज भंडाऱ्याला नोकरीवर जाई. वाचनालयातून पुस्तक आणायचं काम त्याच्याकडे. तो लेखकाचं नाव बघत नसे, जाडी बघे. "पंधरा दिवस पुरेल असं द्या," असं म्हणे, तांदूळ मागावेत तसं.

त्या दुपारी मला आता अर्धवट झोपेतल्यासारख्या आठवतात. अंगणापलीकडे बोडी होती. आमच्याकडे लहान तळ्याला बोडी म्हणतात. फाल्गुनात तिचं पाणी इतकं खाली जाई की बगळे पाण्यात उभे आहेत की मातीत, कळू नये. पाळीवर, म्हणजे तिच्या बांधावर, मोहाची दोन झाडं. फुलं गळायला लागली की अंगणभर गोड, जडसर वास साचे, त्यात ओल्या पानांचा आणि तंबाखूचा वास मिसळे. वाचता वाचता माझाच आवाज मला पाळीवरून कुणीतरी बोलत असल्यासारखा ऐकू येई. कात्र्या कचकच चालत. कधी माझा डोळा लागे आणि वाक्य अर्ध्यावर सुटे, तरी कुणी हटकत नसे. उरलेलं वाक्य बहुतेक जिचं तिनं आपापल्या डोक्यात पुरं केलेलं असे.

माझी मोठी जाऊ सगळ्यांपासून लांब, मोहाकडे तोंड करून बसायची. तिचा नवरा, म्हणजे माझे भासरे, आठ वर्षांपूर्वी नाकाडोंगरीकडच्या मँगनीजच्या खाणीत कामाला गेले ते परतले नव्हते. जिवंत होते, असं येणारे-जाणारे सांगत. कुणाबरोबर राहतात तेही सांगत, पण आवाज उतरवून. जाऊ यावर कधी काही बोलली नाही. तिच्या बिड्या मात्र साऱ्या गावात सुबक. बोटांना दुसरं काही सांगायचं नसलं की काम असं होत असावं.

लग्नाच्या तिसऱ्या साली नवऱ्यानं एक जाड कादंबरी आणली. त्यातला माणूस चार महिन्यांत येतो असं बायकोला सांगून दूर मुलखात जातो, आणि येत नाही. बायको वाट बघते. प्रकरणामागून प्रकरण बघते. मी वाचत होते आणि जाऊचं सूप रोज वीतभर माझ्याकडे सरकत होतं. दहाव्या दिवशी तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला.

सासूबाईंच्या अटीमुळे मी पुढचं प्रकरण सकाळीच चुलीपुढे वाचून ठेवत असे, कुठे रडू आहे ते हेरायला. शेवटचं प्रकरण वाचलं आणि भाकर तव्यावर करपली. तो माणूस परतीच्या वाटेवर कुठल्याशा धर्मशाळेत मरतो. त्याच्या बायकोला एक पोस्टकार्ड येतं. संपलं. मला त्या लेखकाचा असा राग आला की वाटलं, समोर आला तर करपलेली भाकर त्यालाच वाढावी.

दुपारी मी पुस्तक उघडलं. शेजारी जाऊचा गुडघा. आणि मी त्या माणसाला परत आणलं.

कसं आणलं, मलाच माहीत नाही. पानावरच्या ओळींवरून नजर फिरत होती आणि तोंडातून भलतंच निघत होतं. तो बैलगाडीतून उतरला. दिवस कलला होता. तळ्याच्या पाळीवरून चालत दारापर्यंत आला. बायको बाहेर आली, हातात पाण्याचा गडवा. दारात आलेल्याला आधी पाणी, मग बोलणं, हे आमच्याकडे वैऱ्यालाही चुकत नाही. तिनं पाणी दिलं. तो प्यायला. तिनं काही म्हणता काही विचारलं नाही.

इथं मी पुस्तक मिटलं, कारण पुढचं मला सुचत नव्हतं.

मग शेजारची काकी म्हणाली, "माय वं! काहीच नाही बोलली? केवढं मन त्या बाईचं!"

ते मोठं मन म्हणजे माझं रिकामं डोकं होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही.

पुढची फजिती अशी, की बायकांना तो परत आलेला माणूस हवासा झाला. मग तो काय जेवला? घर शाकारलं का? पुस्तक तर वाचनालयात परत गेलं होतं. मी घरातली धानावरच्या किडीची सरकारी पुस्तिका वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळली आणि तिच्यावर डोळे ठेवून गोष्ट चालू ठेवली. एकदा तोंडून निघून गेलं, "मग तिची फवारणी करावी."

"काय करावी?" काकीनं विचारलं.

"मनधरणी," मी म्हणाले. "मनधरणी करावी."

दोन आठवडे तो माणूस माझ्या बोलण्यात राहिला. भरीला मला तो दिसायलाही लागला. दुपारच्या उन्हात पाळीवर कुणी चालत असलं की वाटे, हाच तो. जाऊ हल्ली मोहाकडे तोंड करून बसायची सोडून पाळीकडे तोंड करून बसायला लागली होती.

आणि खरोखरच नाकाडोंगरीकडून निरोप आला. खाणीत काम करणारा एक जण लग्नाला जाता जाता आमच्या दारात थांबला. भासरे आता एकटे आहेत, खोकल्यानं खंगलेत, घरी यायचं म्हणतात. घ्याल का, विचारलंय; उत्तर मी परतताना नेईन, म्हणाला.

सासूबाईंचा लेकच तो. त्यांचे डोळे बघवत नव्हते. पण त्यांनी स्वतः हो म्हटलं नाही. जाऊला म्हणाल्या, "मोठे, आठ वर्सं तू काढली. तू हो म्हन का नाही म्हन. मी तुह्या तोंडातून काढनार नाही."

चार दिवस जाऊ नुसती बिड्या बांधत राहिली. पाचव्या दिवशी माझा नवरा भंडाऱ्याहून बातमी घेऊन आला: ती कादंबरी लिहिणारे लेखक वाचनालयात येणार आहेत, वाचकांनी त्यांना प्रश्न विचारायचे आहेत. अंगणात गलका झाला. जाऊनं कात्री खाली ठेवली.

"मी त्याले इचारीन," ती म्हणाली. "ते बाई काहून नाही बोलली, ते इचारीन. मंग त्या निरोप्याले सांगीन."

ज्या बाईविषयी ती विचारणार होती ती त्या लेखकानं लिहिलीच नव्हती. त्यानं नवरा मारला होता. आणि जाऊ आपल्या घराचं दार उघडायचं की लावायचं, हे त्या उत्तरावर ठरवणार होती.

बाकीच्या बायकांनी प्रश्नांची तयारी सुरू केली.

"म्या इचारीन, पहिल्या पानावर म्हैस व्याली, मंग ते गेली कोठी? दूध कोनं काढलं?"

"अन् तुमच्या पुस्तकातल्या बायायचे केस एवढे लांब, तं उवा कोन काढते?"

"तुमी लिवत बसता जी, तवा तुमच्या घरी सयपाक कोन करते?"

"अवो, त्याची बायकोच करत असंन. तिले बी सोबत आना म्हना, आपन तिलेच इचारू."

मी दोनदा जाऊला खरं सांगायला गेले. एकदा ती गोठ्यात होती, एकदा बोडीवर. दोन्ही वेळा ती माझ्याकडे बघून हसली. आठ वर्षांत ती हसलेली मी पाहिली नव्हती, कारण मी त्या घरात फक्त तीन वर्षं होते. पण सासूबाईही म्हणाल्या, मोठी हसून राहिली. मी घागर घेऊन परत फिरले. दोन्ही वेळा रिकामी.

सुटीच्या दिवशी सकाळी आम्ही बंडीतून निघालो. कारध्याच्या पुलावर आलो तेव्हा वैनगंगेवर धुकं होतं, पाणी दिसत नव्हतं. फक्त एका डोंग्यातला माणूस कमरेपासून वरचा दिसत होता, धुक्यात पेरल्यासारखा. काकी म्हैस-म्हैस असं पुटपुटत प्रश्न पाठ करत होती. मला वाटलं, पूल असाच लांबत जावा, भंडारा येऊच नये. पण बैलांना माझी अडचण कळत नव्हती.

वाचनालयाच्या खोलीत खुर्च्यांवर शहरातले वाचक, मागे सतरंजीवर आम्ही. लेखक बारकेसे, उतारवयाचे, गळ्याला मफलर. धोतरावर शाईचा डाग होता. तो बघून माझा राग निम्मा झाला.

पुढच्या खुर्च्यांतून प्रश्न आले. आपण लेखनाकडे कसे वळलात? आपली प्रेरणा कोणती? लेखक उत्तरं देत होते आणि मधूनच खिडकीबाहेर बघत होते. मग काकी उठली.

"का जी, ते म्हैस कोठी गेली?"

लेखक क्षणभर गोंधळले. मग कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, विसरलो की मी तिला! खरंच विसरलो."

"भुकी मेली असंन," काकी म्हणाली आणि समाधानानं खाली बसली.

आणि जाऊ उभी राहिली. पदर सारखा केला. मी सतरंजीचा धागा उपसत होते.

"मले एक सांगा जी. तो घरी आला, अन् तिनं त्याले पानी देल्लं. इतके वर्सं कोठी होता, कायले गेला, काहीच नाही इचारलं. काहून नाही इचारलं जी तिनं? का मागून इचारलं, अन् तुमी लिवलं नाही?"

"कोण घरी आला, बाई?"

"तिचा नवरा."

पुढच्या खुर्चीतून एक जण वळून हसला. "अहो, तो मरतो! शेवटच्या प्रकरणात मरतो तो!" आणखी तीन-चार जण हसले.

जाऊनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. तपासणारा बिडी उजेडाकडे धरायचा ना, तसं. मग ती पुन्हा लेखकांकडे वळली.

"आमच्या इकडे तं आला जी," ती म्हणाली.

हसणं थांबलं. लेखकांनी चष्मा काढून मफलरच्या टोकानं पुसला. "तुम्हाला पुस्तक वाचून कोण दाखवतं?"

आता ती माझ्याकडे बोट करणार, असं मी धरून चालले.

"आमच्या अंगनात वाचते जी. आमी सगऱ्याजनी आयकतो."

लेखकांनी सतरंजीवरच्या आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. माझी मान इतकी खाली होती की त्यांना शोधायला फार वेळ लागला नसावा.

"बाई," ते म्हणाले, "मीही त्याला परत आणून पाहिला होता. तीनदा. दारापर्यंत आणायचो, आणि त्याची बायको काय विचारेल, ते मला सुचायचं नाही. तीनदा कागद फाडले. शेवटी कंटाळून मारला त्याला. तुमच्याकडे ज्यानं कुणी त्याला आणलं, त्याला माझा नमस्कार सांगा. आणि तिनं काय विचारलं ते कधी कळलं, तर मलाही कळवा."

जाऊ "बरं जी" म्हणून बसली.

परतताना पुलावर ऊन होतं. धुकं गेलेलं, नदी उघडी पडलेली, मध्ये वाळूची बेटं. बाकीच्या म्हशीवरून भांडत होत्या. जाऊ माझ्या कानाशी म्हणाली, "लहाने, तुले काहून नाही सुचलं?"

"तुम्ही रडाल अशी भीती वाटली, बाई." मग खोटं बोलून आता काय मिळणार होतं! "नाही. सुचलंच नाही. खरंच नाही सुचलं."

"दोघंबी शिकलेले," ती म्हणाली. "त्याले नाही सुचलं तं त्यानं मारलं. तुले नाही सुचलं तं तू तिले चूप बसवलं. मले इचाराचं ना मंग. आठ वर्सं मी दुसरं काय करून राहिली?"

घरी पोचल्यावर ती सासूबाईंना इतकंच म्हणाली, "येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या नवऱ्याकरवी ते पुस्तक पुन्हा मागवलं. "आता जे लिवलं हाय तेच वाच," मला म्हणाली. "एक अक्षर बी तुह्या मनाचं नको." मी वाचलं. धर्मशाळा, पोस्टकार्ड, सगळं. जाऊचे हात एकदाही थांबले नाहीत. थांबले ते सासूबाईंचे. त्यांच्या सुपातला तंबाखू त्या दिवशी उन्हात वाळवावा लागला, आणि अट त्यांनीच घातलेली म्हणून कुणी काही बोललं नाही.

भासरे चैत्रात आले. गोष्टीत मी त्याला बैलगाडीतून आणलं होतं; हे पायी आले. बाकी पाळ तीच, दिवस कललेला तसाच. मोहाची फुलं गळून संपली होती आणि झाडांना तांबडी पालवी होती. ते पाळीवरून चालत येताना मला इतके ओळखीचे वाटले की मी पुस्तकावरची नजर काढून पुन्हा त्याच्यावर ठेवली, आपणच बोलतोय की काय म्हणून.

दाराच्या पायरीशी ते थांबले. कात्र्या थांबल्या. सासूबाई उठायला लागल्या, तर जाऊनं नुसता हात केला. ती आत गेली, गडवा भरून आणला, आणि तो हातात धरून त्यांच्यासमोर उभी राहिली. दिला नाही. बोलायला लागली.

आम्ही दहा-पंधरा हातांवर होतो. तिचा आवाज काही आमच्यापर्यंत आला नाही. ती सावकाश बोलत होती, मध्ये थांबत होती, तेही थांबून काही सांगत होते. गडव्याला बाहेरून पाण्याचे थेंब आले, ते तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. झाडाची सावली एक पायरी चढली. कुणी खोकललं नाही, काकीसुद्धा.

मग जाऊनं गडवा पायरीवर ठेवला आणि ती परत येऊन आपल्या सुपाशी बसली. भासऱ्यांनी वाकून तो स्वतः उचलला आणि ते पाणी प्यायले.

पुढे ते त्या घरात बरीच वर्षं राहिले. गोठा बघत, जमेल तेवढं शेत बघत. जाऊ त्यांना जेवण वाढायची, आजारात काढा द्यायची. पाणी मात्र त्यांनी कायम आपल्या हातानं घेतलं, पाहुणे असले तरी. तिनं काय विचारलं होतं, ते मी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "तू वाचनारी. तुले सुचलं तं सांगजो."

भासरे आले त्या दिवशी बांधणं आटोपून बायका उठल्या, तेव्हा सवयीनं मी आपलं सूप पुढे केलं. काकी मूठ भरून माझ्याकडे आली, मध्येच थांबली, आणि वळून तिनं ती मूठ जाऊच्या सुपात टाकली.

"आमाले काहीच आयकू नाही आलं," ती कुरकुरली. "तरी घे."

तिच्यामागून दुसरीनं टाकली. मग तिसरीनं. सासूबाईंनी दोन मुठी टाकल्या. जाऊ मान खाली घालून सूप धरून बसली होती.

माझ्या सुपात त्या दिवशी वाचनाच्या मधल्या वेळात माझ्याच हातानं वळलेल्या दोन बिड्या होत्या. दोन्ही नापास झाल्या.